क्लेअर काउंटी कशी पाहावी : आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रथमच जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

आयर्लंडला जाणारे बहुतेक भारतीय पर्यटक डब्लिनमध्ये मुक्काम ठेवतात, एका दिवसाच्या बससहलीत क्लिफ्स ऑफ मोहरचे कडे पाहून घेतात आणि रात्री उशिरा डब्लिनला परततात. या सहलीत बाराएक तास जातात, त्यांतले प्रत्यक्ष कड्यांवर जेमतेम दोन मिळतात, आणि हे कडे ज्या काउंटीत आहेत तिचे नावही अनेकांच्या लक्षात राहत नाही. ती काउंटी म्हणजे क्लेअर. वायव्येला गॉलवेचा उपसागर, पश्चिमेला अटलांटिक महासागर, दक्षिणेला शॅनन नदीचे रुंद मुख आणि पूर्वेला लॉक डर्ग हे सरोवर, अशी ही जवळजवळ सर्व बाजूंनी पाण्याने वेढलेली भूमी आहे. २०२२ च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या सव्वा लाखाच्या थोडी वर आहे. एवढ्याशा प्रदेशात साडेपाच हजार वर्षांपूर्वीची दगडी थडगी आहेत, मध्ययुगीन मठ आहेत, आजही रोज वाजणारे लोकसंगीत आहे आणि गुरे चारण्याच्या एका जुन्या पद्धतीमुळे टिकून राहिलेली रानफुले आहेत. हे सारे धावत्या बसमधून दिसत नाही. म्हणून या लेखात क्लेअरमध्येच मुक्काम करून, शक्य तितक्या सावकाश ही काउंटी कशी पाहावी, याचे टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन केले आहे.

पहिला टप्पा : महिना आणि दिवस ठरवणे

महाराष्ट्रातून जाणाऱ्या कुटुंबांसाठी एक योग फार चांगला जुळतो. आपल्याकडील मे महिन्याच्या सुट्टीत क्लेअरच्या उत्तर भागातील बरन या चुनखडीच्या पठारावर रानफुलांचा बहर असतो, कड्यांवर पफिन हे समुद्रपक्षी घरटी करून असतात आणि जुलै-ऑगस्टची गर्दी अजून सुरू झालेली नसते. संगीतासाठी जाणाऱ्याने जुलैचा पहिला पंधरवडा निवडावा. हिवाळा मात्र पहिल्या भेटीसाठी योग्य नाही. डिसेंबरमध्ये साडेचारच्या सुमारास अंधारून येते, अनेक घरगुती निवास बंद असतात आणि बेटांकडे जाणाऱ्या बोटीही थांबलेल्या असतात. याउलट जूनअखेरीस रात्री दहानंतरही आकाशात उजेड राहतो, त्यामुळे संध्याकाळी सातला सुरू केलेली पायपीटही सुखाने पूर्ण होते.

हवामानाविषयी गैरसमज नसावा. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे येथे कडाक्याची थंडी क्वचितच पडते, पण उन्हाळ्यातही दिवसाचे तापमान बहुधा पंधरा ते वीस अंशांच्या दरम्यान असते आणि एकाच दुपारी ऊन, धुके, सरी आणि सोसाट्याचा वारा असे सगळे अनुभवायला मिळते. वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही. टोपी असलेले चांगले रेनकोट, वाऱ्याला अडवणारे जाकीट आणि घोट्याला आधार देणारे, न घसरणारे बूट ही येथील खरी तयारी आहे.

किमान चार रात्री आणि शक्य असल्यास सहा रात्री क्लेअरसाठी ठेवाव्यात. त्याहून कमी दिवस असतील, तर संपूर्ण काउंटी उरकण्यापेक्षा केवळ उत्तर भाग नीट पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा टप्पा : व्हिसा

आयर्लंड युरोपीय संघाचा सदस्य असला तरी शेंगेन क्षेत्रात नाही, त्यामुळे फ्रान्स किंवा जर्मनीसाठी घेतलेल्या शेंगेन व्हिसावर तेथे प्रवेश मिळत नाही. भारतीय पारपत्रधारकाला आयर्लंडचा अल्पमुदतीचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. त्याचा अर्ज आयर्लंड सरकारच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो आणि त्याची छापील, सही केलेली प्रत, पारपत्र, बँकेची विवरणपत्रे, नोकरी किंवा व्यवसायाचा पुरावा, प्रवासविमा आणि मुक्कामाचा तपशील ही कागदपत्रे अर्ज केंद्रात द्यायची असतात. प्रवासाच्या तारखेपूर्वी तीन महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. निर्णयाला काही आठवडे लागू शकतात, म्हणून मेमध्ये जाणाऱ्याने फेब्रुवारीतच कागद हाती ठेवावेत आणि व्हिसा मिळेपर्यंत रद्द करता न येणारी तिकिटे काढू नयेत.

भारतीयांसाठी ब्रिटन आणि आयर्लंड यांची एक संयुक्त व्हिसा योजनाही आहे. तिच्या अटींत बसणाऱ्या व्हिसावर दोन्ही देशांत फिरता येते, मात्र ज्या देशाने व्हिसा दिला त्याच देशात आधी उतरावे लागते आणि व्हिसावर त्या योजनेचा उल्लेख असावा लागतो. हा उल्लेख नसेल, तर केवळ आयर्लंडच्या व्हिसावर उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टकडे जाऊ नये. सीमेवर चौकी दिसत नसली तरी उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग आहे आणि तेथे आयर्लंडचा व्हिसा चालत नाही.

तिसरा टप्पा : पोहोचणे आणि फिरणे

मुंबईहून दुबई, अबू धाबी, दोहा किंवा लंडनमार्गे डब्लिनला पोहोचणे सर्वांत सोपे. लंडनमार्गे जाणाऱ्याने तेथील संक्रमण व्हिसाचे नियम आधी पाहावेत. शॅनन हा आंतरराष्ट्रीय विमानतळ तर खुद्द क्लेअरमध्येच आहे. जगातील पहिले करमुक्त विमानतळ-दुकान १९४७ मध्ये याच ठिकाणी सुरू झाले. लंडनहून पुढे विमानानेच जायचे असेल, तर डब्लिनऐवजी शॅननची चौकशी अवश्य करावी, कारण तेथून एनिस हे काउंटीचे मुख्य शहर अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. डब्लिनहून मोटारीने एनिस गाठायला अडीच ते तीन तास लागतात. रेल्वेने जायचे झाल्यास डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकातून लिमरिककडे जाऊन तेथे एनिसची गाडी पकडावी.

काउंटीत फिरण्यासाठी भाड्याची मोटार असेल तर बरेच काही सोपे होते. आयर्लंडमध्ये वाहने डाव्या बाजूनेच चालतात आणि अल्पकाळासाठी आलेल्या पर्यटकाला आपल्या देशातील वैध परवान्यावर गाडी चालवता येते. तरीही गाडी देणाऱ्या कंपनीच्या अटी वेगळ्या असू शकतात, म्हणून आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून सोबत ठेवणे श्रेयस्कर. चालकाच्या नावाचे क्रेडिट कार्ड लागते. क्लच नसलेली ऑटोमॅटिक गाडी हवी असल्यास ती आगाऊ सांगावी लागते आणि महागही पडते. लहान मुलांसाठी खास आसन बंधनकारक आहे.

खरी परीक्षा गावरस्त्यांवर असते. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, मधोमध उगवलेले गवत आणि जेमतेम एका गाडीची रुंदी असे हे रस्ते आहेत. फेब्रुवारी २०२५ पासून अशा ग्रामीण स्थानिक रस्त्यांची सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी ८० वरून ६० किलोमीटर करण्यात आली आहे, पण वळणांवर तीही जास्तच ठरते. समोरून गाडी आली की ज्याला रुंद जागा जवळ असेल त्याने मागे घेऊन वाट द्यायची, असा शिरस्ता आहे. वाट मिळालेला चालक सुकाणूवरचे एक बोट उचलून आभार मानतो. आपणही तसेच बोट उचलावे. नकाशावर चाळीस किलोमीटर दिसले तर तासभर धरून चालावे, आणि बरनमध्ये मोबाइलची रेंज अधूनमधून जाते म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवावा.

गाडी चालवायची नसेल तरी क्लेअर सोडून देण्याचे कारण नाही. गॉलवे ते एनिस ही बस एरन या सरकारी बस कंपनीची ३५० क्रमांकाची बस लिस्डूनवार्ना, डूलिन आणि क्लिफ्स ऑफ मोहर यांना जोडते. फेऱ्या मोजक्या असतात, त्यामुळे परतीची वेळ सकाळीच टिपून ठेवावी.

चौथा टप्पा : मुक्कामाचे गाव

बसने फिरणाऱ्यांनी एनिस किंवा डूलिन निवडावे. मोटार असणाऱ्यांनी पहिल्या तीन रात्री उत्तरेकडे बॅलिव्हॉन, लिस्डूनवार्ना किंवा कॉरोफिन येथे आणि उरलेल्या रात्री दक्षिण-पश्चिमेकडे किल्की येथे राहावे. मुक्काम न बदलता सगळे पाहण्याचा हट्ट धरला, तर रोजचे तीन तास गाडीत जातात. न्याहारीसह घरगुती निवास येथे सर्वत्र आहेत आणि माझ्या मते हॉटेलपेक्षा तेच बरे, कारण यजमान बाईंना सकाळच्या चहाबरोबर विचारलेल्या दोन प्रश्नांतून कोणती वाट चिखलाने बंद आहे आणि आज संध्याकाळी कुठे वादन आहे हे नेमके कळते. उन्हाळ्यातील खोल्या काही महिने आधीच भरतात.

पाचवा टप्पा : एनिसपासून आरंभ

फर्गस नदीकाठचे एनिस हे अरुंद गल्ल्यांचे मध्ययुगीन शहर आहे. अर्धा दिवस येथे दिला, तर पुढे दिसणाऱ्या गोष्टींचे संदर्भ लागतात. तेराव्या शतकात ओब्रायन घराण्याच्या आश्रयाने उभारलेला फ्रान्सिस्कन मठ प्रथम पाहावा. येथील पंधराव्या शतकातील दगडी कोरीवकाम स्थानिक चुनखडीतले असून त्यातील संत फ्रान्सिसची छोटी आकृती आणि बांधलेल्या हातांच्या ख्रिस्ताची मूर्ती अगदी जवळ जाऊन पाहता येते. ओब्रायन म्हणजे ब्रायन बोरू या राजाचे वंशज. हा राजा याच काउंटीच्या पूर्वेकडील किलालू येथून राज्य करत होता आणि १०१४ मध्ये क्लॉन्टार्फच्या लढाईत मारला गेला.

शहराच्या मध्यभागी उंच स्तंभावर डॅनियल ओकॉनेल यांचा पुतळा आहे. कॅथलिकांना ब्रिटिश संसदेत बसण्याची मुभा नसतानाच्या काळात, १८२८ मध्ये, त्यांनी क्लेअरमधून पोटनिवडणूक लढवली आणि ते निवडून आले. निवडून आलेला माणूस सभागृहात बसू शकत नाही, हा पेच सरकारपुढे उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी कायदा बदलावा लागला. संग्रामाविना, मतपेटीच्या जोरावर मिळालेला हा हक्क आयर्लंडच्या इतिहासात फार मोलाचा मानला जातो, आणि वसाहतीच्या राजकारणाची ओळख असलेल्या भारतीय वाचकाला त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. जवळच असलेले क्लेअर संग्रहालय विनामूल्य आहे. पावसाची सर आली तर तासभर तेथे घालवावा.

एनिसच्या आग्नेयेला क्विन येथे पडक्या नॉर्मन किल्ल्याच्या भिंतींवरच बांधलेला मठ आहे. शॅनन विमानतळाजवळ पंधराव्या शतकातील बनरॅटी किल्ला आणि त्याच्या आवारात जुन्या ग्रामीण घरांचे संग्रहालय आहे. मुलांना बनरॅटी आवडते, पण तेथे गर्दी असते आणि तिकीटही बऱ्यापैकी आहे. वेळ कमी असल्यास क्विन पाहावे आणि बनरॅटी सोडून द्यावे.

सहावा टप्पा : बरनचे पठार

क्लेअरमध्ये एकाच गोष्टीला भरपूर वेळ द्यायचा असेल, तर तो बरनला द्यावा. सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी उष्णकटिबंधातील उथळ समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुनखडीचे हे पठार आहे. हिमयुगात बर्फाने ते तासून काढले. पुढे माणसाने जंगल तोडले, माती वाहून गेली आणि राखाडी दगडांची विस्तीर्ण फरसबंदी उघडी पडली. पावसाच्या पाण्याने या दगडात खोल, अरुंद भेगा पाडल्या आहेत. दुरून पाहिले तर जमीन ओसाड वाटते. गुडघे टेकून एखाद्या भेगेत पाहिले, तर आत नेचे, गवत, जांभळट लाल रंगाचे क्रेन्सबिल आणि कधी बोटभर उंचीचे, गडद निळ्या रंगाचे जेन्शियनचे फूल दिसते. हे जेन्शियन आल्प्सच्या उंचीवर वाढणारे, मौंटन एव्हन्स हे पांढरे फूल उत्तर ध्रुवाकडील प्रदेशातले, तर त्यांच्याच शेजारी उगवणारे काही ऑर्किड भूमध्य समुद्राकाठचे. या तिन्ही प्रदेशांच्या वनस्पती समुद्रसपाटीजवळ एकत्र वाढणे ही बरनची ख्याती आहे. साताऱ्याचे कास पठार पाहिलेल्या माणसाला येथे कसे चालावे हे चटकन समजेल, कारण दोन्हीकडे माती बोटभर, फुले नखाएवढी आणि पायाखाली काय चिरडले जाते याचे भान ठेवणे अत्यावश्यक आहे.

ही फुले टिकली त्यामागे शेतकऱ्यांचा हात आहे, आणि हा भाग मला बरनमध्ये सर्वांत महत्त्वाचा वाटतो. युरोपातील बहुतेक डोंगराळ प्रदेशांत गुरे उन्हाळ्यात वर नेतात आणि हिवाळ्यात खाली आणतात. बरनमध्ये याच्या उलट होते. चुनखडी उन्हाळ्यात घेतलेली ऊब धरून ठेवते, पाण्याचा निचरा लगेच होतो, म्हणून हिवाळ्यात पठार कोरडे आणि तुलनेने उबदार राहते. ऑक्टोबरअखेरीस गुरे वर चढवली जातात, ती हिवाळाभर वाळलेले गवत आणि झुडपांचे कोंब खातात, आणि वसंत ऋतूत खाली उतरवली जातात. त्यामुळे फुलांच्या हंगामात पठार मोकळे असते आणि हेझलच्या झुडपांनाही आळा बसतो. चराई थांबली त्या ठिकाणी झुडपे माजून फुले नाहीशी झाली, हे लक्षात आल्यावर २००५ मध्ये शेतकऱ्यांना सोबत घेऊन संवर्धनाचा प्रकल्प सुरू झाला. पुढे, कुरणाची स्थिती जितकी चांगली तितका मोबदला अधिक, अशी पद्धत येथे रुजली. ऑक्टोबरच्या अखेरच्या सप्ताहान्तात गुरे वर नेण्याचा हा सोहळा गावकरी पाहुण्यांसह साजरा करतात. शरद ऋतूत जाणाऱ्यांनी तो चुकवू नये.

प्रत्यक्ष भेटीची सुरुवात कॉरोफिनहून करावी. पठाराच्या आग्नेय कोपऱ्यात सुमारे १,५०० हेक्टरांचे राष्ट्रीय उद्यान आहे. प्रवेशशुल्क नाही. मोटारींसाठी जागा फार थोडी असल्याने हंगामात कॉरोफिनहून सुटणाऱ्या बसने जाणे सर्वांच्या सोयीचे. रंगीत बाणांनी आखलेल्या पायवाटांपैकी मुल्लामोर टेकडीकडे जाणारी वाट सर्वांत सुंदर आहे. या टेकडीचे दगडी थर घडी घातल्यासारखे वाकलेले दिसतात. पायथ्याशी तळे दिसले आणि दुसऱ्या भेटीत ते गायब झाले, तर चकित होऊ नये. येथील काही तळी पावसाळी दिवसांत जमिनीखालून पाणी वर येऊन भरतात आणि कोरड्या दिवसांत त्याच छिद्रांतून रिकामी होतात. त्यांना टरलॉक म्हणतात.

त्यानंतर पूलनाब्रोन. उभ्या शिळांवर तिरकी ठेवलेली एक रुंद, पातळ शिळा एवढेच या थडग्याचे रूप आहे. १९८५ मध्ये एका खांबशिळेला तडा गेल्याचे आढळल्यामुळे दुरुस्ती करावी लागली आणि त्या निमित्ताने पुरातत्त्वज्ञ ॲन लिंच यांनी येथे उत्खनन केले. तीसहून अधिक माणसांचे अवशेष मिळाले. ती इसवी सनापूर्वी सुमारे ३८०० ते ३२०० या काळात येथे ठेवली गेली होती. एका पुरुषाच्या कमरेच्या हाडात दगडी बाणाचे टोक रुतलेले होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात यांतील एका तान्ह्या मुलाला डाउन सिंड्रोम असल्याचे दिसून आले, आणि हाडांच्या परीक्षणावरून त्याला अंगावर पाजले जात होते हेही कळले. समाजातील मोजक्याच लोकांना जेथे जागा मिळे, अशा थडग्यात त्या मुलाला ठेवले होते. शिळांसमोर उभे राहताना एवढे माहीत असले, तर तेथे पाच मिनिटांत छायाचित्र काढून परत फिरवत नाही.

येथे तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. सैल दगड उचलून त्यांचे मनोरे किंवा छोटी थडगी रचू नयेत. हा छंद बरनमध्ये फार पसरला असून त्यामुळे दगडाखालचे जीव मरतात, गडग्यांची नासधूस होते आणि खरे अवशेष व खोटे यांची गल्लत होते. फाटक ज्या स्थितीत दिसेल त्याच स्थितीत ठेवून पुढे जावे. आणि भेगांवरून चालताना मुलांचा हात सोडू नये, कारण पावसाने ओला झालेला दगड अतिशय निसरडा असतो आणि भेगेत अडकलेला पाय सहज मोडतो.

वाटेत किलफेनोराला थांबावे. तेथील जुन्या कॅथीड्रलमधील बाराव्या शतकाच्या सुमाराचे कोरीव दगडी क्रूस पावसापासून वाचवण्यासाठी काचेच्या छपराखाली आणले आहेत. आभाळाच्या उजेडात त्यांवरील नक्षी स्पष्ट दिसते.

सातवा टप्पा : क्लिफ्स ऑफ मोहर

हे कडे सर्वाधिक उंचीच्या ठिकाणी समुद्रापासून सुमारे २१४ मीटर उंच आहेत. त्यांचा खडक बरनच्या चुनखडीहून वेगळा, वाळू आणि चिखल यांच्या थरांचा आहे. वाटेच्या कडेला संरक्षक भिंत म्हणून उभ्या केलेल्या लादीवर हात फिरवून पाहावा. तिच्यावर दोरा गुंडाळल्यासारख्या वळवळत्या उंचवट्यांची नक्षी आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी चिखलातून सरपटत गेलेल्या जीवांच्या या खुणा आहेत. आसपासच्या घरांच्या फरशीतही हाच दगड वापरलेला दिसतो.

तिकीट वेळ निवडून ऑनलाइन घ्यावे. डब्लिन आणि गॉलवेच्या बसगाड्या साधारण अकरा ते चार या वेळात असतात. कडे पश्चिमाभिमुख असल्याने त्यांच्यावर ऊन दुपारनंतर पडते, म्हणून चारनंतरची वेळ दोन्ही अंगांनी उत्तम. स्थानिक जमीनदार कॉर्नेलियस ओब्रायन यांनी १८३५ मध्ये बांधलेला मनोरा उत्तरेकडे आहे. पफिन पाहायचे असल्यास दुर्बीण न्यावी, कारण ते खालच्या सुळक्यावर असतात आणि नुसत्या डोळ्यांना ठिपक्यांएवढे दिसतात. जुलै संपता संपता ते समुद्रात निघून जातात.

कड्यांच्या काठाने डूलिन आणि लिस्कॅनॉरकडे जाणारी पायवाट प्रसिद्ध आहे. जीवघेण्या अपघातांनंतर २०२४ मध्ये तिचे मोठे भाग बंद करण्यात आले होते. कोणता भाग खुला आहे हे त्याच दिवशी विचारून मगच निघावे आणि बंदचा फलक ओलांडून कोणी पुढे जाताना दिसले तरी त्याच्यामागे जाऊ नये. काठावरची माती खालून पोखरलेली असते आणि वाऱ्याचा झोत माणसाचा तोल घालवू शकतो. आपत्कालीन मदतीसाठी ११२ किंवा ९९९ हा क्रमांक फिरवून तटरक्षक दल मागावे. समुद्र शांत असेल तर डूलिनहून सुटणाऱ्या बोटीतून कडे खालून पाहता येतात, आणि तेथूनच इनिस ओर या बेटावरही जाता येते. ते बेट प्रशासकीयदृष्ट्या गॉलवे काउंटीत मोडते.

आठवा टप्पा : संध्याकाळचे संगीत

क्लेअरमध्ये लोकसंगीत रंगमंचापेक्षा पबच्या कोपऱ्यातील टेबलाभोवती अधिक जिवंत आहे. रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास फिडल, बासरी, कॉन्सर्टिना ही हाताएवढी षट्‌कोनी पेटी, कोपराने भाता दाबून वाजवायचे इलन पाइप्स आणि बोडरान हा चामडी डफ घेऊन वादक जमतात. कॉन्सर्टिना तर क्लेअरचेच वाद्य मानले जाते. किलफेनोराचा केली, म्हणजे लोकनृत्याच्या साथीचा, वाद्यवृंद १९०९ पासून वाजत आहे. मिलटाउन मॅलबे येथील थोर पाइप्सवादक विली क्लॅन्सी १९७३ मध्ये वारले, आणि त्याच वर्षापासून त्यांच्या नावाने दर जुलैत आठवडाभराची संगीतशाळा भरते. दिवसा वर्ग, रात्री गावभर वादन असा तिचा क्रम असतो.

दारू पिणे बंधनकारक नाही. चहा किंवा सरबत घेऊन बसणारे बरेच असतात. वादकांसाठी राखलेल्या खुर्च्यांवर बसू नये, चाल रंगात असताना मोठ्याने बोलू नये, फर्माइश करू नये आणि चित्रीकरणापूर्वी नजरेने तरी परवानगी घ्यावी. कोणी एकट्याने गाऊ लागले, तर संपूर्ण पब गप्प होतो. आपणही व्हावे. मुलांना पालकांसोबत पबमध्ये रात्री नऊपर्यंत, आणि मे ते सप्टेंबर या काळात दहापर्यंत बसता येते.

नववा टप्पा : किल्की, लूप हेड आणि स्कॅटरी

बहुतेक पर्यटक कड्यांवरूनच मागे फिरतात, त्यामुळे नैर्ऋत्येकडील हे टोक निवांत राहिले आहे. किल्कीचा अर्धचंद्राकृती किनारा पोहण्यास सुरक्षित आहे. ओहोटीला खडकांत उघडी पडणारी नैसर्गिक कुंडे हे येथील आकर्षण. कोकणातल्या माणसाला सांगायला नको, पण भरतीचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय तेथे उतरू नये. लूप हेडच्या टोकावर १८५४ मध्ये बांधलेले दीपगृह आहे आणि त्याच्यापुढील गवतावर दुसऱ्या महायुद्धात विमानांना तटस्थ देश ओळखू यावा म्हणून दगडांनी लिहिलेली आयर्लंडच्या नावाची अक्षरे आहेत.

जवळच्या मनीन येथील छोट्या चर्चमध्ये एक लाकडी पेटीवजा खोली जपून ठेवली आहे. दुष्काळानंतरच्या वर्षांत जमीनदाराकडून किलबाहाच्या कॅथलिक गावकऱ्यांना प्रार्थनास्थळासाठी जमीन मिळत नव्हती. तेव्हा फादर मायकल मीहान यांनी चाकांवरची ही खोली करून घेतली आणि भरती-ओहोटीच्या रेषांमधील, कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या वाळूवर ती उभी करून उघड्यावर उभ्या भाविकांसाठी प्रार्थना चालवली. पाच-सहा वर्षे हे चालले. अखेर जमीन मिळाली आणि १८५७ मध्ये चर्च उभे राहिले. १८४५ नंतरच्या महादुष्काळात आणि त्या काळच्या घरे पाडून केलेल्या बेदखलीत पश्चिम क्लेअरची फार मोठी हानी झाली. ती पार्श्वभूमी ठाऊक असेल, तर ही लाकडी खोली पाहताना मन भरून येते.

किलरशच्या बंदरातून उन्हाळ्यात स्कॅटरी बेटावर बोट जाते. सहाव्या शतकात संत सेनन यांनी तेथे मठ स्थापन केला. तेथील गोल मनोऱ्याचे दार, अशा इतर मनोऱ्यांप्रमाणे उंचावर नसून, जमिनीलगत आहे. १९७८ मध्ये शेवटचे रहिवासी निघून गेल्यापासून बेट निर्मनुष्य आहे, म्हणून खाणे-पाणी सोबत न्यावे. शॅननच्या मुखात डॉल्फिनांचा कायमचा कळप राहतो. स्कॅटरीच्या वाटेवर किंवा किलरश आणि कॅरिगाहोल्टहून सुटणाऱ्या खास बोटींतून ते अनेकदा दिसतात.

दहावा टप्पा : शाकाहारी मंडळींची सोय

किनाऱ्यावर मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. शाकाहारी माणसाने थोडी चौकशी करत राहावे. निवासात पोहोचताच सांगून ठेवल्यास सकाळी अंडी, मशरूम, टोमॅटो, लापशी आणि जाड तपकिरी सोडा ब्रेड असे पोटभर मिळते. न्याहारीतील काळे पुडिंग हा रक्ताचा पदार्थ असतो, हे माहीत असावे. भाज्यांचे सूप मागताना ते कोंबडीच्या अर्कात शिजवले आहे का, असे विचारावे. इनाघजवळ तयार होणारे बकरीच्या दुधाचे चीज या भागाची खासियत आहे. गावांतील स्वयंपाकघरे रात्री नऊच्या सुमारास बंद होतात, तेव्हा लांबलेल्या उजेडाला भुलून जेवण मागे टाकू नये. वीजेसाठी ब्रिटिश पद्धतीचा चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर लागतो. चलन युरो आहे आणि कार्ड जवळजवळ सगळीकडे चालते, तरी बेटांवर आणि लहान दुकानांत उपयोगी पडेल एवढी रोकड खिशात ठेवावी.

अकरावा टप्पा : पुढचा प्रवास

केरी काउंटीकडे जायचे असेल, तर लिमरिकचा वळसा घेऊ नये. किलरशजवळच्या किलिमर येथून मोटारीसह नदी ओलांडणारी बोट वीसेक मिनिटांत टार्बर्टला पोहोचवते आणि शंभरहून अधिक किलोमीटर वाचवते. गॉलवेकडे जाणाऱ्यांना एनिसहून थेट रेल्वे आहे. २०१० मध्ये ही सेवा पुन्हा सुरू झाली. शॅननहून सकाळचे विमान असेल, तर आदली रात्र एनिसमध्येच काढावी, आणि गाडी परत करण्यापूर्वी तिची चारही बाजूंनी छायाचित्रे घेऊन ठेवावीत, कारण गावरस्त्यांवरील गडग्यांचे ओरखडे कधी उठले हे नंतर सिद्ध करता येत नाही.